भगवंतराव कंडक्टरची जागतिक पंगत

बेल्यात भगवंतरावांइतका प्रवास कुणी केला नाही आणि भगवंतरावांइतकं कमी जगही कुणी पाहिलं नाही. नोकरी लागल्यापासून रिटायर होईपर्यंत ते बेला-आदिलाबाद गाडीवर कंडक्टर होते. बेल्याहून आदिलाबाद, आदिलाबादहून बेला, जेवण झालं की पुन्हा आदिलाबाद. घाण्याचा बैल निदान गोल तरी फिरतो. हे सरळ रेषेत फिरले, एवढाच फरक. बायकोला घेऊन एकदा बासरला सरस्वतीच्या दर्शनाला गेले होते, तेही अर्ध्या दिवसात परतले, कारण दुसऱ्या दिवशी ड्यूटी. मग नोकरी संपली, पोरानं हातात मोठ्या पडद्याचा मोबाईल ठेवला, आणि हा माणूस ओसरीतल्या बाजेवर पडल्या पडल्या जो इस्तंबूलला गेला तो परत यायला तयार होईना.

त्या मोबाईलमध्ये डोंगर होते, समुद्र होते, राजवाडे होते. भगवंतराव ते सगळं अंगठ्यानं वर ढकलून देत. समुद्राच्या काठी कुणाची कढई दिसली की मात्र थांबत. जग म्हणजे त्यांच्या लेखी रस्त्यावरचं खाणं. कोणत्या शहरात कोणत्या गाडीवर काय तळतात, कशावर काय भुरभुरतात, हे त्यांना तोंडपाठ. ते शहर पृथ्वीच्या कोणत्या अंगाला आहे, हे विचारायचं नाही.

समोरच्या घरातल्या चंपतनं एकदा विचारलं होतं.

"भौ, हे मेक्सिको कुठी आलं?"

"व्हिएतनामच्या पुढं," भगवंतराव म्हणाले. "मंधात जपान लागते."

असं सांगितलं की जणू मधल्या फाट्यावर उतरून दुसरी गाडी धरायची. चंपतनं मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट साऱ्या गल्लीत पोचवली. त्यानंतर भगवंतराव दिसले की पोरं एकमेकांना विचारत, "जपानले सीट हाये का?" भगवंतरावांना वाटे, आपल्यामुळं गावाला जगाची गोडी लागली.

नुसतं पाहण्यावर भागलं असतं तर गावानं सोसलं असतं. पण ते रांधायलाही लागले. आदिलाबादला जाऊन कुठल्या कुठल्या चटण्यांच्या बाटल्या मागत. तिथला तेलुगू किराणावाला सुरुवातीला ऐकून घेई, डोकं खाजवी आणि 'लेदु' म्हणे, म्हणजे नाही. पुढं पुढं भगवंतराव रस्ता ओलांडताना दिसले की तो दुकानातूनच 'लेदु' म्हणू लागला. मग जे नसेल त्याच्या जागी घरातलं काहीतरी घालायचं, हा भगवंतरावांचा शोध. जपानात पिठाचे गोळे करतात आणि त्यात समुद्रातला आठ पायांचा प्राणी घालतात. बेल्यात आठ पायांचं म्हणावं तर कोळी, तोही घराच्या कोपऱ्यात. भगवंतरावांनी वांग्याचे देठ घातले. का, तर दिसायला तसेच वाकडे. हे गोळे भाजायला त्यांनी मागच्या गल्लीतल्या तेलुगू मास्तरीणबाईंचं आप्पेपात्र एका दिवसासाठी म्हणून आणलं. ते परत गेलं नाही. मास्तरीणबाईंनीही मागितलं नाही. एकदा त्यातून काय निघतं ते पाहिल्यावर त्यांची त्या भांड्यावरची वासनाच उडाली असावी.

भगवंतरावांचा हा संसार बयनाबाई निस्तरत. बयनाबाई म्हणजे त्यांची बायको. बोलणं कमी, पण बोललं की लागेल असं. ह्यांनी एक देश केला की ओट्यावर पीठ, भिंतीवर तेल, चार कढया करपलेल्या. भगवंतराव पदार्थाचा फोटो काढून बाजेवर जात आणि बयनाबाई राख घेऊन भांड्यांना बसत.

"जग हा बुढा हिंडते," त्या म्हणत, "अन् धूळ मले झाडा लागते."

आणि गंमत अशी की ह्या जगप्रसिद्ध आचाऱ्यानं जन्मात कधी भाकर थापली नव्हती. वरणाला फोडणी दिली नव्हती. भाकरीचं नाव काढलं की ते नाक मुरडत. "भाकर हे काय खानं झालं? तिले सांगाले शहर तरी हाये का?" असं ते दोन वेळा जवारीची भाकर खाऊन म्हणत.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण घरात वैभव होता. एकुलता एक मुलगा, तिशी ओलांडलेला. थोडी कपाशी, स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान, सुपारीचं व्यसन नाही. तरी लग्न जमेना. हल्ली मुलींना कपाशीचा शब्द ऐकला की शिंका येतात. पाहुणे येत, पोहे खात, भिंतीकडं पाहत, चहा पिऊन जात आणि मग कुणाच्या तरी हाती निरोप येई की पत्रिका जुळत नाही. पत्रिका मागितलेलीच नसे.

अशात तामसी गावचं स्थळ आलं. मुलगी शुभांगी, आदिलाबादच्या एका शाळेत शिकवणारी. वैभवनं तिला तिच्या घरी पाहिलं, दोघं अंगणात बरंच बोलले, आणि परत आल्यावर ह्या पोरानं दुकान बंद ठेवून घराला स्वतःच्या हातानं चुना मारला. बयनाबाईंनी ओळखलं. आता मुलीकडचे घर पाहायला येणार होते. घर पसंत पडलं तर लग्न, नाहीतर पुन्हा पत्रिका.

"पुरनाचा सैपाक करतो," बयनाबाई म्हणाल्या. "वरनभात, वांग्याची भाजी, पुरनपोळी."

भगवंतरावांनी मोबाईल छातीवर ठेवला. "सैपाक म्या करनार."

वैभवचा चेहरा त्याच्या भिंतीसारखा झाला. "बाबा, या बारीले नोको. तुमच्या पाया पडतो."

"मागच्या पाहुन्याले काय देल्लं होतं?"

"पोहे."

"त्याच्या मागच्याले?"

"पोहेच."

"पोहे खाऊन सारे नाई म्हनले. मंग चूक कोनाची? तुही? मही? पोह्याची."

ह्या युक्तिवादापुढं वैभवनं हात जोडले. तो पटला म्हणून नाही, बाप थांबणार नव्हता म्हणून. भगवंतरावांनी बेत सांगितला. आधी व्हिएतनामचा शेवयांचा रस्सा, मग जपानचे गोळे, शेवटी मेक्सिकोच्या मक्याच्या घडीच्या पोळ्या, आत मसाला भरून. आणि पाहुण्यांनी अंगणात उभ्यानं खायचं.

"उभ्यानं?" बयनाबाईंनी विचारलं.

"रस्त्यावरचं खानं उभ्यानंच खातेत. हातात पडलं का तोंडात गेलं पायजे. थंड झालं का मेलं."

"सोयरे हायेत ते. तुमच्या गाडीतले पाशिंजर नाईत, दांड्याले धरून उभे राहाले."

इथं भगवंतरावांनी पहिलं आणि शेवटचं शहाणपण दाखवलं, आणि तेच त्यांना भोवलं. त्यांचं उभ्यानं खाण्याचं म्हणणं खरं तर बरोबर होतं. ते पदार्थच तसे. पण त्यांनी पंगत मान्य केली आणि पदार्थ तेच ठेवले. पंगतीच्या पानात मेक्सिको वाढण्याची चूक पृथ्वीवर दुसरीकडं कुठं होणंच शक्य नाही. तिला भगवंतरावच लागतात.

"बसू दे," ते म्हणाले. "पन त्या दिवशी चुलीपाशी कोनी यायचं नाई. तू तं नाईच नाई."

"नाई येत," बयनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका गोड होता की वैभवला भीती वाटली.

ठरल्या दिवशी सकाळीच तामसीची जीप आली. मुलीचे वडील सुधाकरराव, कमी बोलणारे, सतत मान डोलावणारे. त्यांचे काका देवाजी, गळ्यात तुळशीची माळ, साऱ्या भावकीत वडीलधारे, जेवणाखाण्याच्या नियमात अतिशय कडक. आणि सुधाकररावांची बहीण द्वारकाबाई. शुभांगीची आई लवकर गेली, तिला ह्या आत्यानंच वाढवलेलं. मान डोलावण्याचं काम सुधाकररावांचं, पण हो की नाही हे द्वारकाबाई ठरवणार, हे त्या जीपमधून उतरल्या तशाच कळलं. त्यांनी चुना मारलेली भिंत पाहिली, भिंतीला बोट लावलं, बोटाला चुना लागला, बोट लुगड्याला पुसलं.

मग त्या सरळ स्वयंपाकघराकडं गेल्या. दारातच थबकल्या. आत भगवंतराव डोक्याला गमछा बांधून तीन भांड्यांवर एकदम झुंजत होते, घामानं डबडबलेले. आणि बाहेर बाजेवर बयनाबाई हातावर हात ठेवून निवांत बसलेल्या.

"तुमी काऊन बसल्या बाई?"

"मनाई हाये मले," बयनाबाई म्हणाल्या. "बसा ना. पानी घेता?"

द्वारकाबाई शेजारी टेकल्या आणि तिथून त्यांनी सगळं पाहिलं.

ओसरीत सतरंज्या अंथरल्या, पानं मांडली, पाहुणे बसले. चंपतही पंक्तीला होता. शेजारी म्हणून बोलावलं होतं असं तो सांगतो. भगवंतराव वाढायला निघाले. त्यांची जुनी सवय अशी की शेवटच्या सीटचं तिकीट फाटल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. त्यांनी आधी साऱ्यांच्या वाटीत रस्सा वाढला. "व्हिएतनाम," ते प्रत्येकाला सांगत. कुणी हात पुढं केला की, गाडी थांबवताना ओरडत तसं म्हणत, "होल्डान. सारे होऊ द्या." मग गोळ्यांची परात. "जपान." मग घडीच्या पोळ्या. "मेक्सिको. शेवटचा स्टाप."

शेवटच्या माणसाच्या पानात मेक्सिको पडला आणि भगवंतराव म्हणाले, "आता चालू द्या."

कुणीच हललं नाही. सगळे देवाजींकडं पाहत होते. देवाजी पानाकडं पाहत होते.

"मीठ कुठी हाये?"

मीठ आलं. पानाच्या कडेला पडलं.

"भात कुठी हाये?"

"भात नाई बाबा," भगवंतराव हसत म्हणाले. "मेक्सिकोत भात नसते."

"मंग मेक्सिकोत जेवतेत कशे? भातावर तूप पडलं का श्लोक म्हनतेत, श्लोक झाला का घास घेतेत. म्या श्लोक कशावर म्हनू? या गोट्यायवर?"

वडीलधाऱ्यानं घास घेतल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही, आणि वडीलधारा भाताशिवाय घास घेणार नाही. पंगत मांडी घालून बसली. भगवंतराव आत पळाले. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले. मग ते दारात आले, गमछा गळ्यात घसरलेला, आणि हळूच म्हणाले,

"बयना, तांदूळ कुठी हायेत?"

बयनाबाई बाजेवरून हलल्या नाहीत. "जपानच्या पुढं," त्या म्हणाल्या. "मेक्सिको यायच्या आधी डाव्या हाताले उतरा."

चंपतचा ठसका पंगतभर गेला. द्वारकाबाईंच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. भगवंतराव रागावले नाहीत, ओरडले नाहीत. डाव्या हाताला गेले, तांदूळ सापडले, भात लावला.

भात शिजेपर्यंत पाहुणे जगासमोर हात बांधून बसले. व्हिएतनामच्या शेवया फुगू लागल्या. त्यांनी आधी रस्सा प्यायला, मग वाटी भरली, मग वाटीच्या काठावरून बाहेर डोकावू लागल्या, पावसानंतर गांडुळं निघावीत तशा. जपानचे गोळे खाली बसले आणि त्यांच्या पोटावर खळगे पडले. मेक्सिकोनं मसाल्याचं पाणी शोषून घेतलं आणि घडी मोडून पानात झोप घेतली. सुधाकरराव हे सगळं होताना पाहत होते आणि सवयीनं मान डोलावत होते. वैभव वाटीकडं पाहत नव्हता. तो जीपकडं पाहत होता.

अखेर भात आला, तूप पडलं, देवाजींनी श्लोक म्हटला, सगळा, एकही ओळ न गाळता. मग साऱ्यांनी भात, तूप आणि मीठ कालवून मनापासून खाल्लं. इतका रुचकर मीठभात बेल्यात कधी झाला नव्हता, कारण समोर दुसरं काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

पण पानात टाकायचं नाही हाही देवाजींचाच नियम. म्हणून सुधाकररावांनी धीर करून एक गोळा फोडला. आतून वाकडं, काळपट काहीतरी निघालं.

"हे काय हाये?"

आता इथं शहाण्या माणसानं वांगं म्हटलं असतं. पण भगवंतरावांना विद्या पाजळायची होती. "तो समुद्रातला प्रानी असते ना, आठ पायाचा," ते उत्साहानं म्हणाले, "त्याच्या जागी..."

"प्रानी?" देवाजींचा हात भातातून वर आला.

"नाई नाई, त्याच्या जागी..."

"माळकऱ्याच्या पानात प्रानी?"

देवाजी उठले. पंगत मोडली. सुधाकररावही उठले, मान डोलावणं पहिल्यांदा थांबलेलं. देवाजी पायऱ्या उतरून चपला शोधू लागले. वैभव एका चपलेजवळ उभा होता, पण ती उचलून द्यावी की लपवावी हे त्याला कळेना. भगवंतराव 'देठ, देठ' म्हणत होते, आणि त्या घटकेला देठ हे जगातलं सर्वांत खोटं उत्तर वाटत होतं.

तेव्हा ह्या गोंधळात आत जाऊन आलेल्या द्वारकाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात टोपली, टोपलीत सकाळची वांगी, सगळी बोडकी. एकालाही देठ नाही.

"काका," त्या म्हणाल्या, "प्रानी गिनी काई नाई. या मानसानं वांगे फेकले अन् देठ शिजवले. पाहा."

देवाजींनी एक बोडकं वांगं हातात घेऊन फिरवून पाहिलं. मग भगवंतरावांकडं पाहिलं. त्या नजरेत आता राग नव्हता. खुळ्या माणसावर कुणी रागावत नाही.

"बसा काका, भात निवून राह्यला."

"उठलो तं उठलो. पानावर पुन्हा बसत नसतेत."

मग बयनाबाईंनी केळी आणली आणि देवाजींनी जीपला टेकून दोन केळी खाल्ली. त्या दिवशी उभ्यानं खाल्लं गेलं ते एवढंच.

द्वारकाबाईंनी पदर सावरला आणि बाजेवर बसल्या, बयनाबाईंच्या जवळ.

"सैपाक जमला नाई," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या.

वैभवनं खाली पाहिलं.

"चुना बी कच्चा हाये. पन म्या सकाळपासून पाहून राह्यली. या घरात बाई बाजेवर बसून बोलते अन् बुढा आत पळते. चार लोकात बोलली तरी अंगावर येत नाई. आमी लय घरं पाहिले. पोळ्या गोल अन् बाईचं तोंड बंद." मग त्या बयनाबाईंकडं वळल्या. "एकच विचारतो. आमची शुभांगी सकाळच्या पह्यल्या गाडीनं शाळेले जाइन. तिनं पहाटे उठून भाकरी थापाच्या नाईत, हे तिचं म्हननं हाये अन् महं बी. मंग डबा कोन करन?"

बयनाबाईंचे गुडघे दुखतात, हे गल्लीला ठाऊक होतं. वैभवला चहा सोडून काही येत नव्हतं. तो आईकडं पाहत होता. बयनाबाई मात्र नवऱ्याकडं पाहत होत्या, त्याच्या गमछ्याकडं, त्यानं फोडणी उडवलेल्या भिंतीकडं, आत साचलेल्या भांड्यांच्या ढिगाकडं.

"हे करतीन ना," बयनाबाई म्हणाल्या. "यायले सैपाकाचा लय सोस. सकाळची भाकर, भाजी, डबा, भांडे, सारं यायच्याच हाती देतो. हो ना वो, वैभवचे बाबा?"

भगवंतरावांनी तोंड उघडलं. त्यांच्यासमोर मुलगा उभा होता, चुन्याचे डाग अजून हातावर, आणि बापाकडं असा पाहत होता जसा आजवर कधी पाहिला नव्हता. गाडी निघायच्या बेतात, आणि शिट्टी ह्यांच्या हातात.

"भाकर येते ना तुमाले?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"येते," भगवंतराव म्हणाले. "भाकर काय, सोपी असते."

सुधाकररावांची मान पुन्हा डोलू लागली. लग्न ठरलं.

ठरलं ते आपल्या पदार्थांमुळं, असं भगवंतराव अजूनही सांगतात. पोहे ठेवले असते तर गेलं असतं, म्हणतात. लग्नाच्या जेवणात आचारी दुसरा असावा, एवढी एकच अट तामसीकडून आली होती, ती मात्र सांगत नाहीत.

आता बेल्यात पहाटे उठणाऱ्यांना एक करमणूक झाली आहे. भगवंतराव परातीपुढं बसलेले असतात, जवारीचं पीठ कोपरापर्यंत. भाकर थापता थापता फाटते, उचलता उचलता मोडते, तव्यावर पडताना एखादा कोपरा परातीतच राहतो. मोबाईल वर फळीवर, बंद, कारण पिठाच्या हाताला तो ओळखत नाही. आणि बाजेवर, गोधडी पांघरून, बयनाबाई.

"होल्डान," त्या म्हणतात. "काठ फाटला."

"दिसते मले."

"पानी लावा. हां. आता पुढं सरकवा. लवकर, गाडी लागली स्टँडवर."

चंपत दात घासत फाटकाशी येतो. "भौ, आज कोनतं शहर?"

भगवंतराव खाली मान घालून भाकर उलटतात. तव्यावर भाकर असताना मान वर करता येत नाही, हे एवढं एक त्यांना आलं आहे.

शुभांगी मात्र सासऱ्याला कधी नावं ठेवत नाही. मिळालं ते डब्यात भरते, पाया पडते आणि गाडी गाठते. परवा पायरीवरून मागं वळून म्हणाली, "बाबा, उद्या एक भाकर जास्तीची टाका बरं. आमच्या शाळेतल्या मॅडमले पायजे."

भगवंतरावांचा चेहरा फुलला. त्यांनी बाजेकडं पाहिलं, मग चंपतकडं. "खायले का?"

"नाई," शुभांगी म्हणाली. "पाहाले."